पेठच्या रस्त्यावर शोधलेली बारा मिनिटं

गेली तीन वर्षं एका पितळी घंटीवर माझा डोळा होता. या डिसेंबरात ती माझ्या सायकलवर बसली. गंगापूर रोडहून निघायचं, पेठच्या दिशेने सावळ घाट उतरायचा, घाटाखाली चहा प्यायचा आणि आल्या रस्त्याने परत यायचं, एवढाच हा प्रवास. दुपारच्या जेवणाला माणूस घरी असतो. तरीही मी त्यावर एवढं लांबलचक लिहिते आहे, कारण मला मिरवायचं आहे. रस्त्याची आणि खाण्यापिण्याची माहिती मधे मधे येईल, ज्यांना जायचं आहे त्यांनी ती टिपून घ्यावी. बाकीच्यांनी माझं कौतुक करावं.

आधी घंटीबद्दल सांगते. आमच्या सायकल मंडळात तीसेक जण आहेत. मंडळ सुरू केलं बापूंनी. बापू मूळचे आडगावकडचे. द्राक्षबागा मुलांच्या हवाली करून शहरात आले आणि सत्तरीला टेकेपर्यंत सायकल चालवत राहिले. आता गुडघ्यांनी संप केल्यामुळे ते स्कूटरवरून आमच्या मागे येतात आणि सायकलवर असताना करायचे त्याच्या दुप्पट सूचना करतात. त्यांचा नियम असा: आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबापासून घाटाखालच्या हिराबाईंच्या टपरीपर्यंत अठ्ठेचाळीस किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. जाऊन-येऊन सरासरी वेग ताशी वीसचा पडला, की बापू स्वतः गावातल्या तांबटाकडे जाऊन पितळी घंटी बनवून घेतात, तिच्यावर नाव कोरून घेतात आणि सगळ्यांसमोर हँडलला बसवतात. आतापर्यंत अशा नऊ घंट्या दिल्या गेल्या होत्या. सगळ्या पुरुषांना.

त्यातली एक माझ्या नवऱ्याची, विलासची. घरात मी त्यांना अहो म्हणते. सायकलवर मात्र धाप लागलेली असताना अहो-जाहो करायला श्वास पुरत नाही, म्हणून तिथे विलास आणि अरे-तुरे. ही पोस्ट सायकलची आहे, तेव्हा इथेही विलासच. तर विलासला घंटी मिळून चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत त्याने ती रोज वाजवली आहे. रस्ता रिकामा असला तरी वाजवतो. पार्किंगमध्ये मांजर आडवं आलं तरी वाजवतो आणि मग माझ्याकडे बघतो. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर माणसाला अशा गोष्टींचा राग येत नाही असं म्हणतात, पण मला येत होता.

आता मंडळाची एक खास पद्धत सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच अडलं. जाण्याचा वेग वेगळा नोंदवायचा आणि येण्याचा वेगळा. हिराबाईंच्या टपरीवर पोचलं की फोनवरची नोंद बंद करायची, निघताना नवी सुरू करायची. याचं कारण म्हणजे बापूंची झोप. पहिल्या फेरीला बापूंनी टपरीवर नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि पिठलं असं दाबून खाल्लं की आंब्याखाली आडवे झाले आणि चांगले दोन तास घोरले. फोन मोजत राहिला. घरी येऊन बघतात तर सरासरी बाराच्या आसपास. बापू भडकले. तेव्हापासून फोनच्या सरासरीवर त्यांचा विश्वास नाही. दोन वेग घ्यायचे, बेरीज करायची, दोनाने भागायचं. सोपं, सुटसुटीत, आणि झोपेला जागा ठेवणारं. तीस जणांच्या मंडळात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. कुणालाही त्यात काही खटकलं नाही.

मलाही खटकलं नव्हतं, आणि मी नववी-दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते.

खटकलं ते जायच्या आदल्या संध्याकाळी. मुलांना मीच बनवलेलं गणित घातलं होतं. कांद्याने भरलेला टेम्पो सटाण्याहून नाशिकला ताशी चाळीसने येतो, रिकामा होऊन ताशी साठने परत जातो, तर सरासरी वेग किती? वर्गातल्या एकूण एक वहीत उत्तर पन्नास. मी लाल पेनने सगळीकडे काट मारत, सवयीने बडबडत होते, की अरे वेगांची सरासरी काढू नका, एकूण अंतराला एकूण वेळेने भागा, टेम्पो हळू चालला तेव्हा जास्त वेळ रस्त्यावर होता, उत्तर अठ्ठेचाळीस. मुलं गेली, मी कुकर लावला, आणि तिसऱ्या शिट्टीला माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचं अख्खं मंडळ आठ वर्षं पन्नास लिहीत होतं.

विलास बाहेर सायकलींच्या साखळ्या पुसत होता. त्याची घंटी पुसताना तो जरा जास्त वेळ लावतो, तसा लावत होता. मी काही बोलले नाही. म्हटलं, उद्याचा दिवस जाऊ दे. आपण आपलं खरं वीस काढायचं, मग बोलायचं की नाही ते बघू.

रविवारी साडेसहाला निघालो. नाशिकची डिसेंबरातली थंडी म्हणजे कान, नाक आणि बोटं, या तीन ठिकाणी विशेष. हातमोजे न विसरता घ्या. गंगापूर रोडवरून नदी ओलांडून मखमलाबादला यायचं आणि तिथून पेठ रोड पकडायचा. शहर संपलं की उजव्या-डाव्या बाजूला द्राक्षबागा लागतात आणि समोर रामशेजचा किल्ला दिसू लागतो. रस्ता बहुतेक ठिकाणी चांगला आहे. कडेची पांढरी पट्टी धरून चालवलं तर त्रास नाही, फक्त गुजरातकडून येणारे ट्रक जवळून गेले की हँडल घट्ट धरावं लागतं. पाणी दोन बाटल्या घ्या, वाटेत करंजाळीला भरून मिळतं. खायला मी शेंगदाण्याचे लाडू नेते, कारण विकतच्या गोड पट्ट्या मला औषधासारख्या लागतात.

विलास सोबत होता आणि त्याला घंटीची काळजी नसल्यामुळे तो फारच मजेत होता. मधेच गाणं म्हणत होता. बापू मागून स्कूटरवर, कानटोपी आणि त्यावर हेल्मेट.

"ताई, खांदे सैल सोड," ते ओरडले. "कुस्तीला चालली का काय?"

करंजाळीच्या पुढे बागा मागे पडतात आणि डोंगर जवळ येतात. भातं कापून झालेली, खाचरांत पिवळे बुडखे, कुठे कुठे नागलीची कणसं घराच्या ओट्यावर वाळत घातलेली. मग घाट. उतरताना सावळ घाट इतका गोड वाटतो की माणसाला आपण फार मोठे सायकलपटू आहोत असं वाटू लागतं. सांभाळून उतरा, वळणांवर बारीक खडी सांडलेली असते. हिराबाईंच्या टपरीपाशी ब्रेक लावला तेव्हा साडेआठ व्हायला काही सेकंद बाकी होते. अठ्ठेचाळीस किलोमीटर, दोन तास. वेग चोवीस. विलासचाही तेवढाच.

हिराबाईंची टपरी म्हणजे चार बांबू, वर पत्रा, एक चूल आणि दोन बाकं. चहा दहा रुपयांना, आलं भरपूर. आधी सांगून ठेवलं तर भाकरी-पिठलं आणि मिरचीचा ठेचा मिळतो, पोटभर खाल्लं तरी शंभराची नोट पुरते. आम्ही दर वेळी येतो, चहा पितो आणि परत फिरतो, याचं त्यांना अजून नवल वाटतं.

"पेठ हे काय पुढं हाय," त्या म्हणाल्या. "एवढं लांब आलात, तर पेठला तरी जा. काय काम नाय का तुमचं?"

"काम काहीच नाही, मावशी."

"मग आलात कशाला?"

आम्ही आणखी एक-एक चहा सांगितला.

बापूंनी चहा बशीत ओतला आणि खुशीत हिशेब मांडला. "चोवीस झाले. आता येताना सोळा कर. चोवीस आन सोळा चाळीस, निम्मे वीस. म्हंजे तीन तास हायेत तुला. निवांत चढ. घाटात लय चांगला फोटो येतो, तो काढ. बाईमाणसाची पहिली घंटी, मी तांबटाला सांगूनच ठेवलंय."

मी गप्प राहायचं ठरवलं होतं. पण चुकीचं गणित कुणी इतक्या प्रेमाने समोर ठेवलं की माझ्याच्याने राहवत नाही, तो माझा स्वभावच आहे.

"बापू, तीन तास नाहीत," मी म्हटलं. "दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं आहेत. बारा मिनिटं कमी."

"कशी काय?"

"समजा, मी जाताना ताशी चाळीसने आले."

"तू?"

"समजा म्हटलं ना. चाळीसने आले आणि परतीला सायकल जागची हललीच नाही. वेग शून्य. चाळीस आणि शून्य चाळीस, निम्मे वीस. म्हणजे मी या बाकावरच बसून राहिले तरी मला घंटी मिळणार."

"बसा ना," हिराबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. "पर घरी कवा जाणार?"

विलास हसला. बापू हसले नाहीत. ते बशी हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी पुढे सांगितलं, की चोवीसने दोन तास लागले, सोळाने तीन लागतील, पाच तासांत शहाण्णव किलोमीटर, म्हणजे एकोणीस पूर्णांक दोन. वीस नाही. सायकल हळू चालते तेव्हाच ती जास्त वेळ रस्त्यावर असते, म्हणून हळू वेगाचं पारडं जड होतं. खरे वीस पडायचे तर सगळं मिळून चार तास अठ्ठेचाळीस मिनिटंच मिळतात. त्यातले दोन तास संपले.

विलासने खिशातून चष्मा काढला, फोनवर आकडे टाकले. मला माहीत होतं तो कोणते आकडे टाकतो आहे. चार वर्षांपूर्वी तो पंचवीसने आला होता आणि पंधराने परत गेला होता. हे आकडे आमच्या घरात मुलाच्या वाढदिवसापेक्षा जास्त वेळा उच्चारले गेले आहेत.

"अठरा पूर्णांक पंचाहत्तर," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे न बघता, "तुला कधी कळलं?"

"काल. कुकर लावताना."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही घंटी पुसत होतात," मी म्हटलं. सायकलवरून उतरलो होतो, त्यामुळे आपोआप तुम्ही.

बापू म्हणाले, "माझे सव्वीस आन चौदा होते." विलासने तेही टाकले. अठरा पूर्णांक दोन. बापूंनी बशी खाली ठेवली, कानटोपी काढली, पुन्हा घातली. मंडळाची पहिली घंटी त्यांची, स्कूटरवरसुद्धा त्यांनी हट्टाने तीच लावून घेतलेली. मला एकदम वाईट वाटलं. एका चहाच्या वेळात मी दोन माणसांच्या घंट्या काढून घेतल्या होत्या.

"हे बघ ताई," बापू शेवटी म्हणाले, "नियम मंडळाचा हाय. आठ वर्षं असाच चाललाय. तू सोळानं ये, घंटी तुझी. कोन इचारतंय?"

"मी विचारते, बापू. रोज घरातून निघताना ती घंटी मलाच दिसणार आहे. दोन तास अठ्ठेचाळीसच्या आत कडुनिंबाला पोचले नाही, तर तांबटाकडे जाऊ नका."

"घाट चढायचाय, ताई."

"दिसतोय मला."

मी हे फार ठामपणे म्हटलं खरं. सोळाच्या जागी सतरा आणि थोडं वर, ऐकायला काहीच नाही. पण चढावर त्या थोड्याची किंमत मांड्यांना विचारा. सोळाने आरामात घंटी मिळत असताना मी स्वतःहून ती टांगणीला लावली होती, आणि घंटीसाठी प्रत्येकाला हिवाळ्यातून एकच फेरी मिळते, तेव्हा हरले असते तर पुढची संधी थेट पुढच्या हिवाळ्यात.

आम्ही उठलो तेव्हा विलासने आपला रुमाल काढला आणि घंटीवर घट्ट गुंडाळून गाठ मारली.

"माझेही जाताना चोवीसच झालेत," तो म्हणाला. "आज माझाही हिशेब नव्याने."

सव्वानऊला नवी नोंद सुरू केली. घाट लगेच सुरू होतो, टपरीवरचं आलं अजून घशात असतानाच. मी मनात तीन भाग केले होते, सोळा-सोळा किलोमीटरचे, प्रत्येकाला छप्पन्न मिनिटं. पहिल्या भागात घाट असल्यामुळे तो हातचा जाणार हे माहीत होतं. प्रश्न किती जाणार, एवढाच होता. ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढत होते. त्यांच्या धुरात श्वास घ्यायचा की कोंडून धरायचा, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या मोठ्या वळणावर विलास माझ्या बरोबरीला होता. तिसऱ्यावर त्याचं चाक माझ्या मागच्या चाकाजवळ. नंतर नुसता त्याच्या श्वासाचा आवाज, आणि मग तोही नाही.

मी मान वळवली. तो शंभरेक पावलं मागे, उभा राहून पायडल मारत होता, आणि चेहरा लाल. मी पाय हलका केला असता तर तो मला गाठू शकला असता. चोवीस वर्षांत आम्ही कुठेही एकमेकांना मागे टाकून गेलेलो नाही, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. माझा पाय खरोखरच हलका झाला.

"वैशाली, थांबू नकोस," तो खालून ओरडला. "थांबलीस तर दोघांचंही जाईल."

"विलास, छातीत दुखत नाही ना?"

"दुखतंय ते अठरा पूर्णांक पंचाहत्तर. तू जा."

म्हणून मी गेले. घाटमाथ्यावर बापू स्कूटर लावून उभे होते. मला पाण्याची बाटली द्यायला आणि मागे जाऊन विलासला बघून यायला त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या दिवशी बापूंच्या स्कूटरची सरासरी काय पडली ते देवच जाणे. पहिले सोळा किलोमीटर झाले तेव्हा बासष्ट मिनिटं गेली होती. सहा मिनिटं मागे.

मधला टप्पा चढ-उतारांचा आहे. उतार आला की वाटतं भरून काढलं, आणि लगेच पुढचा चढ ते परत मागून घेतो. ऊन वर आलं होतं. हातमोजे काढून खिशात कोंबले, त्यातला एक कुठेतरी पडला, पडलेला दिसलाही, पण मी थांबले नाही. ज्याला सापडला असेल त्याने वापरावा. दुसरा टप्पा संपला तेव्हा एकूण एकशे पंधरा मिनिटं झाली होती. असायला हवी होती एकशे बारा.

बापू शेजारी आले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी कसली सूचना केली नाही. काही वेळ नुसते माझ्या वेगाने चालत राहिले, आणि मग म्हणाले, "विलास करंजाळीच्या पुढं हाय. चालतोय. तुझी किती मिनिटं मागं?"

"तीन."

"मंग काढ की. रामशेजपासून रस्ता तुझा हाय."

रामशेज दिसू लागल्यावर मी खाली वाकले आणि मान वर केली नाही. शेवटच्या सोळा किलोमीटरला माझ्याकडे त्रेपन्न मिनिटं होती. त्या पट्ट्यात मी काय विचार केला ते मला आठवत नाही, पण इतकं आठवतं की पाय दुखणं एका ठरावीक जागी पोचलं आणि तिथेच राहिलं, वाढलं नाही. म्हटलं, एवढंच असेल तर चालेल.

आणि मखमलाबादला आडवी आली वरात.

पूर्ण रस्ताभर. बँड, घोड्यावर नवरदेव, फेटेवाले काका, मागे डीजेची गाडी. मी ब्रेक लावून उभी, आणि फोनवर मिनिटं पळताहेत. मला रडू यायचंच बाकी होतं. ट्रम्पेटवाल्या माणसाने वाजवता वाजवता माझ्याकडे बघितलं आणि ट्रम्पेट खाली घेतला.

"काकू, कुठं एवढी घाई?"

"वीस करायचेत, दादा."

"वीस काय?"

"सरासरी वीस. घाट उतरून, चढून आलेय. पाच-सात मिनिटं राहिलीत."

त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्याने वळून आपल्या माणसांना हाताने दोन भागांत केलं. "ए, काकूंना जाऊ द्या, त्यांचं वीसचं काय तरी हाय." घोडा बाजूला झाला. नवरदेवाने मला नमस्कार केला, मीही केला, आणि बँडच्या मधून सायकल हातात धरून पळत पलीकडे गेले. सुखाचा संसार होवो त्या पोराचा.

नदीचा पूल, गंगापूर रोड, आमचा कोपरा. कडुनिंबाला हात लावला आणि फोन बंद केला. दोन तास सेहेचाळीस मिनिटं. दोन मिनिटं शिल्लक. जाऊन-येऊन सरासरी वीस पूर्णांक एक.

मी कडुनिंबाच्या पारावर बसले आणि सरळ रडले. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवावा कळेना. मुलगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला तेव्हा वाटला होता, पण तो अभिमान त्याचा होता, मी फक्त उसना घेतला होता. हा माझा होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या मांड्यांनी आणि स्वतःच्या भागाकाराने मिळवलेला.

चौदा मिनिटांनी विलास आला. बरोबर तीन तास. म्हणजे येण्याचा वेग सोळा, बापूंच्या पद्धतीने स्वच्छ वीस. त्याने सायकल स्टँडवर लावली, फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुझं?"

मी दाखवलं. त्याने चष्मा लावून आकडा वाचला. मग त्याने सगळ्या रस्त्यादेखत माझ्या पायांना हात लावला. मी ओरडले, "अहो, काय हे," तर म्हणाला, "पायांनीच काढलेत ना वीस?"

"आणि तुमचे?"

"एकोणीस पूर्णांक दोन," त्याने सांगितलं. बापूंच्या पद्धतीच्या वीसचं नावही न घेता. रुमाल अजून घंटीवर तसाच होता.

नंतर तिघांनी मिसळ खाल्ली. मिसळीची नावाजलेली ठिकाणं मखमलाबाद रोडला आहेत, पण तिकडे परत जाण्याची कुणाच्यात ताकद नव्हती, त्यामुळे जवळच्याच गाड्यावर. नाशिकला आलात तर मिसळीबरोबर पापड आणि दही मागून घ्या, आणि शहाण्णव किलोमीटर झाले असतील तर जिलबीही. बापू सगळा वेळ कसल्या तरी विचारात होते. उठताना त्यांनी स्कूटरला लावलेली स्वतःची घंटी पान्याने सोडवली आणि खिशात टाकली. विलासपुढे हात केला. विलासने रुमाल सोडला आणि आपलीही दिली. मला वाटलं, संपलं. आठ वर्षांचा बापूंचा खेळ मी मोडला.

तीन आठवडे कुणाच्याच सायकलवर घंटी नव्हती. बापूंनी नऊच्या नऊ गोळा केल्या, ज्यांनी कां-कूं केलं त्यांना टपरीवरचं चाळीस आणि शून्याचं गणित माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगितलं, आणि सगळ्यांचे जुने आकडे माझ्याकडे आणून टाकले. "तू काढ खरी सरासरी," म्हणाले. एका रात्री जेवण झाल्यावर बसून मी नऊ गणितं सोडवली. खरे वीस एकाचेही नव्हते. पुढच्या रविवारी कडुनिंबाखाली सगळे जमले तेव्हा बापूंनी पिशवीतून घंट्या काढल्या. तांबटाने प्रत्येकीवर नावाखाली खरा आकडा कोरला होता. पहिली स्वतःची दाखवली: अठरा पूर्णांक दोन.

"आठ वर्षं वीसची म्हणून वाजवली," बापू म्हणाले. "आता अठराची वाजवीन, पर खरी वाजवीन. आन ज्याला आकडा आवडला नाय, त्यानं घाट चढावा."

मग दहावी घंटी काढली. 'वैशाली, २०.१'. त्यांनी ती माझ्या हँडलला बसवली, स्क्रू विलासने आवळला. मंडळाने टाळ्या वाजवल्या, आणि त्यात ज्यांच्या घंट्या तीन आठवड्यांत अठरावर आल्या होत्या त्यांच्या टाळ्या जास्त जोरात होत्या. हे मला फार भावलं. खरं सांगते, त्या घोळक्याचा मला माझ्या आकड्याइतकाच अभिमान वाटला.

विलासने आपल्या घंटीवर जुना आकडा घेतला नाही, त्या दिवशीचा घेतला: एकोणीस पूर्णांक दोन. रोज वाजवतो, पूर्वीसारखीच, रिकाम्या रस्त्यालाही. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने परवा विचारलं, "साहेब, हा कसला आकडा?" विलास थांबला आणि त्याने सगळं सांगितलं, चोवीस, सोळा, पाच तास, घाट, वरात, बारा मिनिटं. कुणीही विचारो, सांगून झाल्यावर दर वेळी तो शेवटी एक वाक्य म्हणतो: "आणि ती पलीकडची सायकल बघा, ती बायकोची. तिचे वीस पूर्णांक एक आहेत."

ते ऐकायला मी सायकलचं कुलूप लावायला मुद्दाम वेळ लावते.